मातबर बाबा आणि आईची ओवी

आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती, आणि अमेरिकेतल्या अख्ख्या ॲन आर्बर गावात आईला आवडलेली तेवढी एकच जागा. वर आमच्या घरातली हीटरची ऊब कोरडी होती. त्या उबेनं ओठ फुटायचे, टाचांना भेगा पडायच्या आणि सकाळी उठलं की नाकात रक्त सुकलेलं असायचं. खाली ड्रायर चालू असले की ओलसर, कपड्यांच्या वासाची ऊब असायची. आई टोपली घेऊन खाली जायची आणि कपडे वाळले तरी वर यायची नाही. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पण खुर्चीत बसलं की तिला दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. म्हणून ती भिंतीला पाठ लावून फरशीवरच बसायची. ड्रायरमध्ये पप्पांच्या पँटची बटणं पत्र्यावर आपटत असायची, एका लयीत. मी शाळेतून आले आणि दार आतून उघडलं गेलं नाही, की समजायचं, आई खाली आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत करडा गालिचा, आणि स्वयंपाकघराच्या छतावर धुराचा इशारा देणारा पांढरा डबा. आई भाकरी तव्यावर टाकायची आणि पलटायच्या आत डबा किंचाळायला लागायचा. मग मी स्टुलावर चढून त्याच्यासमोर टॉवेल हलवायचा आणि आईनं थंडीत खिडकी उघडायची. भाकरी एकीकडून करपलेली, एकीकडून गार, अशी आम्ही खायचो. ज्वारीचं पीठ शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून यायचं. पप्पांना कुणाच्या तरी गाडीतून जागा मिळाली की ते दोन-तीन महिन्यांचं पीठ एकदम आणायचे. ते जुनं असायचं, भाकरीला चिरा जायच्या. आई प्रत्येक भाकरीला म्हणायची, "ह्याला इरीच न्हाई." पिठाला चिकटपणा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ती ते अशा आवाजात म्हणायची की मी हातातला घास परत ताटात ठेवायचे.

शनिवारी दुपारी विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममधून आवाज यायचा. लाखभर माणसं एकदम ओरडली की लांबून तो आवाज पाण्याच्या लोंढ्यासारखा यायचा. सुरुवातीला आई घाबरून दाराशी जायची. नंतर ती खिडकीशी उभी राहून तो ऐकायला लागली. एकदा म्हणाली, "यवढी माणसं हायत की गं हितं. दिसत कशी न्हाईत?"

मी सोळा वर्षांची होते. शाळेत काही दिवस असे जायचे की माझ्या तोंडून दिवसभरात फक्त एक शब्द निघायचा: हजेरीचा 'हिअर'. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. सांगलीच्या शाळेत मी पहिल्या तिघांत असायचे, व्याकरण पाठ होतं. पण इथली मुलं बोलायची ते व्याकरणातलं नव्हतं, आणि मी वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथं डबा उघडायला मनाई होती, त्यामुळे ठेच्याचा वास कुणाला येण्याचा प्रश्नच नव्हता. आज माझी मुलगी शाळेतून आल्यावर बूट काढता काढता बोलत सुटते, तेव्हा मी मुद्दाम हातातलं काम थांबवते. तिला वाटतं, आईला तिच्या गोष्टींत फार रस आहे. मला खरं तर नुसता तो आवाज हवा असतो.

पप्पांबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं, कारण ते वाईट नव्हते. आम्ही धनगर. आईचे आणि पप्पांचे, दोघांचेही वडील आटपाडीच्या वरच्या अंगाला मेंढरं राखायचे, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे. पप्पा त्या घरातले पहिले शिकलेले. इंजिनियर झाले, पुण्यात नोकरीला लागले, आणि तिथं त्यांनी स्वतःची जीभ घासून घेतली. 'पानी'चं 'पाणी' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं. ॲन आर्बरला आल्यावर मराठी मंडळात कुणी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" की ते "सांगली" म्हणायचे आणि लगेच समोरच्याला त्याच्या गाडीविषयी काहीतरी विचारायचे. आईनं येताना आणलेली काळी घोंगडी त्यांनी कपाटात सुटकेसच्या मागे ठेवून दिली होती. "इथं कम्फर्टर असतात," म्हणाले. आई मंडळात गेली की बोलायचीच नाही. बायकांना वाटायचं, लाजाळू आहे.

जानेवारीतली गोष्ट. मी शाळेतून आले तर आई घरातच होती, दाराला पाठ लावून उभी, धापा टाकत.

"काय झालं?"

"खाली कोण म्हातारा हाय. दारात हुबा ऱ्हाऊन माझ्याकडंच बगत हुता. मग कायतरी बोलला. मी पळून आले."

"कपडे?"

"ऱ्हायली की तितंच."

मी खाली जायला निघाले तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक उंच, वाकलेला म्हातारा होता. कोपरावर विरलेला स्वेटर, भुवया पांढऱ्या आणि एवढ्या दाट की डोळ्यांवर आल्या होत्या. त्याच्या हातात आमची टोपली होती, आणि टोपलीत पप्पांच्या बनियनांपासून आईच्या परकरापर्यंत सगळं चौकोनी घड्या घालून ठेवलेलं. त्यानं आधी माफी मागितली. त्याचं इंग्रजी हळू आणि जड होतं, प्रत्येक शब्द तो खाली ठेवून मग पुढचा उचलायचा. पहिल्यांदाच मला या गावात कुणाचं तरी बोलणं पूर्ण कळलं.

"तुझी आई काय गात होती?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गाणं."

"नाही, गाणं नाही. ती गाता गाता बोलायला लागली आणि बोलता बोलता परत गायला लागली. तीनदा. गाण्यात असं करत नाहीत. हा फार मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे. तिला विचार, हे तिनं कुणाकडून ऐकलं?"

मी आईला विचारलं. ती दाराआड होती. आतूनच म्हणाली, "माझ्या बापाकडनं. पर ही ओवी बाईमाणूस म्हनत न्हाई आमच्यात. मी आपली यंत्राच्या ठेक्यावर जराशी... त्येला सांग, चुकलं म्हनावं."

मी ते सांगितल्यावर म्हाताऱ्यानं टोपली खाली ठेवली आणि त्या दाराकडे बघून डोकं वाकवलं, एखाद्या मोठ्या माणसापुढे वाकवावं तसं.

त्यांचं नाव मात्वेई इलिच, राहायला आमच्याच इमारतीत खाली. रशियातून उतारवयात आलेले, बायको वारलेली, एक मुलगी व्हर्जिनियात हर्नडनला. विद्यापीठानं त्यांना थोड्या वर्षांसाठी एक छोटा वर्ग शिकवायला दिला होता. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं: दंतकथा, लोककथा आणि वीरांच्या लांबलचक गाथा गोळा करायच्या, एकीशेजारी दुसरी ठेवून बघायची. तरुणपणी सैबेरियात गुडघाभर बर्फातून जाऊन त्यांनी अशा गायकांची गाणी उतरवून घेतली होती, जे एकच गाथा आठवडाभर गात. आईला 'मात्वेई' म्हणता येईना. तिनं 'मातबर' केलं. मातबर बाबा. ते ऐकून त्यांनी मला अर्थ विचारला, आणि कळल्यावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

दर बुधवारी शाळा सुटल्यावर ते वर यायचे. पप्पा कामावरून सातला येत, त्याच्या आधी सगळं आवरलेलं असायचं. टेपरेकॉर्डर टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, म्हणजे टेबलाची थरथर टेपमध्ये येत नाही. आई खाली भिंतीला टेकून बसायची, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. पहिल्या बुधवारी तिच्या तोंडून शब्द फुटेना. मातबर बाबांनी टेबलावर बोटानं ड्रायरसारखा ठेका धरला, जरासा चुकीचाच. आईला तो चुकलेला ठेका सहन होईना. तिनं मांडीवर थाप मारून बरोबर करून दाखवला, आणि ओवी सुरू झाली.

मला तोवर माहीतच नव्हतं की माझ्या आईत एवढं काही भरलेलं आहे. मेंढरांच्या वाड्यावर आजोबा ओवी गायचे, समोर ढोल, दोन्हीकडे ओळ उचलणारे गडी, आणि नऊ-दहा वर्षांची आई त्यांच्या पाठीमागे घोंगडीत गुरफटून ऐकत बसायची. तिनं ती कधी गायली नव्हती, नुसती साठवली होती. देवाच्या जन्माची ओवी होती ती: बाळ रानात एकटं पडलेलं, कुणाचं कुणास ठाऊक नाही, आणि रानच त्याला वाढवतं. आई गायची, मग थांबून साध्या बोलण्यात पुढची गोष्ट सांगायची, मग परत गायची. मी भाषांतर करायचे आणि दर दोन ओळींनी अडायचे. कितीतरी शब्द मला येत नव्हते. 'खिल्लार' म्हणजे कळप, 'लवण' म्हणजे खोलगट जागा, 'वाघूर' म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. आई थांबून समजावायची, हातानं दाखवायची, कधी चिडायची, "एवढं पन ठावं न्हाई व्हय गं तुला?" ती माझ्यावर चिडली याचा मला आनंद व्हायचा. किती महिन्यांत ती कशावर चिडलीसुद्धा नव्हती.

ओवी झाली की चहा. मातबर बाबा चहात जॅम घालायचे, भाकरीवरही जॅम लावायचे. आई ते बघून तोंड फिरवायची आणि मला म्हणायची, "दे त्येला अजून एक." आणि मग ते मला त्यांच्या पुस्तकाविषयी सांगायचे, जे लिहून कधी संपणारच नाही असं ते म्हणायचे.

"जुन्यात जुन्या गाथांमधला वीर एकटा असतो," एकदा ते म्हणाले. "मोठ्या माळाच्या मधोमध त्याचं घर. घोडे आहेत, गुरं आहेत, पण आई नाही, बाप नाही. आपण कुठून आलो हेच त्याला माहीत नसतं. का, सांग?"

"अनाथ असेल."

"नाही. कारण तो पहिला माणूस आहे. त्याच्या आधी कुणी नव्हतंच. पण पुढच्या गायकांना ते आठवेना. त्यांना तो नुसता एकटा दिसला, आणि त्यांना त्याची दया आली. मग त्यांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं अनाथ, कुणी म्हणालं टाकून दिलेला, कुणी म्हणालं चोरून नेलेला. एकटेपण आधी आलं. कारणं मागाहून."

शाळेच्या बसमध्ये, काचेवर डोकं टेकवून, मी हे कितीदा मनात घोळवलं असेल. घरातला पहिला माणूस एकटा असायचाच, ही कल्पना मला फार बरी वाटायची. तेव्हा ती मी स्वतःलाच लावून बघत होते. ती पप्पांना जास्त लागू पडते, हे कळायला मला वय व्हावं लागलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मंडळाचं तिळगूळ होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर जोगळेकर काकू राहायच्या, मनमोकळ्या, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या. आईला आणि मला विमानतळावरून आणायला त्याच आल्या होत्या. त्या ताट घेऊन आमच्यापाशी आल्या आणि आठ-दहा माणसांत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही छुप्या रुस्तम निघालात हं! त्या रशियन प्रोफेसरांना धनगरी ओव्या शिकवताय म्हणे. त्यांनीच मला लाँड्रीत सांगितलं. किती इंटरेस्टिंग! आमच्या गावीसुद्धा यायचे ते लोक, शेतात मेंढ्या बसवायला. गुढीपाडव्याला तुमचा एक आयटम ठेवू या ना."

त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. पण 'ते लोक' म्हणताना त्यांनी हात जिकडे केला, तिकडे खिडकी होती, बाहेर बर्फ होतं, आणि आम्ही आत होतो. पप्पा हातात ताट धरून उभे होते. ते हसले. "अहो, ती अशीच काहीतरी गुणगुणते," म्हणाले, आणि जोगळेकर काकांना त्यांच्या नव्या गाडीबद्दल विचारलं.

घरी आल्यावर पप्पांनी बूट काढले, ते नीट जोडीनं ठेवले, आणि मग ते बोलले.

"पुण्याच्या होस्टेलवर मी खोलीत आलो की पोरं बें-बें करायची. चार वर्षं. परीक्षेत पहिला आलो तरी बें-बें. इथं कुणालाच काही माहीत नव्हतं. कोरी पाटी होती. तेवढीच मिळवली होती मी तुमच्यासाठी."

आई ओढणीसारखा पदर हाताभोवती गुंडाळत होती. ती म्हणाली, "माझा बाप काय चोर हुता व्हय?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग कसं म्हनालासा?"

पप्पा आत गेले. पुढच्या बुधवारी मातबर बाबा आले तेव्हा आईनं दार उघडलं आणि टॉवेलाची घडी घातली, जणू काही झालंच नव्हतं. मार्चमध्ये त्यांनी विचारलं, माझ्या वर्गात येऊन गाशील का? हा माझा शेवटचा वर्ग आहे, पुढच्या वर्षी मला ठेवत नाहीत. आईनं पप्पांना सांगितलं, विचारलं नाही. पप्पा म्हणाले, "जायचं तर जा. मला त्यात घेऊ नका."

आम्ही बसनं गेलो. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला काळं झालं होतं. आईनं जरीकाठी साडी नेसली होती, वर पप्पांचं जुनं जाकीट आणि पायात बर्फाचे बूट. वर्गात लांब टेबल होतं आणि भोवती दहा-बारा मुलं. आईनं खुर्ची नाकारली. ती फळ्याखाली फरशीवर बसली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, एकेक करून ती मुलंही खुर्च्यांवरून उठून खाली बसली. मातबर बाबांनी गुडघे धरत धरत तेच केलं. टेप चालू झाली.

आई तशी त्याआधी कधी गायली नव्हती आणि मी नंतरही तिला तसं कधी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात तिचा आवाज भिंतींना सांभाळून असायचा. इथं तो सुटला. बाळ रानात एकटं पडलंय, वर घारी फिरतायत, हे ती गायली तेव्हा शब्द न कळणारी ती मुलं वर छताकडे बघत होती. थांबल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग एका मुलीनं प्रश्न विचारला. चेहरा आपल्याकडचा, बोलणं पक्कं इथलं. फार आदरानं विचारलं तिनं, "तुम्ही हे कुणाकडून शिकलात? तुमचं कुटुंब मेंढपाळांचं आहे का?"

मी आईला मराठीत सांगितलं. आईचा चेहरा उजळला. ती सावरून बसली आणि त्या मुलीकडे बघून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "माझा बाप गायचा. मायाप्पा त्येचं नाव. मेंढरामागं जलम गेला त्येचा. आमी धनगर. सांग त्येंला."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या मुलीची आई मंडळातल्या कुणाला तरी ओळखत असेल, असं माझ्या मनात आलं. शाळेतलं कुणी, कुणाची बहीण, असंही आलं. होस्टेलच्या खोलीत बें-बें करणारी पोरं, मी कधीही न पाहिलेली, तीही आली. वाक्य जुळवायला मला या वेळी अजिबात वेळ लागला नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, लहानपणी त्यांच्या गावावरून मेंढपाळ जायचे. त्यांच्याकडून तिनं हे ऐकलं."

मुलीनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. आई माझ्याकडे बघून हसली. मातबर बाबांना इतक्या बुधवारांत मराठी शब्द थोडे थोडे कळायला लागले होते. 'बाप' तर नक्कीच. त्यांनी चष्मा काढला आणि खाली बघत राहिले.

परतताना बसमध्ये आईनं मला काही विचारलं नाही. त्याबद्दल मी मनातल्या मनात तिचे आभार मानले. संध्याकाळी पप्पा आले आणि त्यांनी बूट काढायच्या आत आई म्हणाली, "पोरीनं समद्यांफुडं सांगितलं. माझ्या बापाचं नाव घिऊन. विंग्रजीत. धनगर हाय म्हनून."

पप्पा एक बूट हातात धरून उभे राहिले. बुटावरचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ते तिथंच दारात खाली बसले. बराच वेळ बुटाच्या नाड्यांशी चाळा करत होते. मग मान वर न करता म्हणाले, "मला न्हाई जमलं आसतं." जमलं नसतं, असं नाही म्हणाले. पुण्यात घासून टाकलेली ती बोली इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून आली. जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. त्या घरात आम्ही तिघं होतो, गोल बसून जेवत होतो, आणि मला आयुष्यात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. शाळेच्या लायब्ररीतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट मातबर बाबांच्या दारात गेले. त्यांची खोली खोक्यांनी भरली होती, पुस्तकं बांधायला सुरुवात झाली होती. मी म्हणाले, "कालची टेप पुसून टाका."

"त्या टेपवर तुझी आई गायली आहे."

"मग फक्त माझं बोलणं पुसा."

ते खोक्यावर बसले. म्हणाले, "मी तरुण असताना एक गायक होता. सगळ्यात चांगला. त्याच्याकडून मी जे घेतलं त्यावर माझं पहिलं पुस्तक उभं आहे. छापायच्या वेळी तो सरकारच्या नजरेत वाईट ठरला होता. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, गायक कोण? मी लिहिलं, नाव अज्ञात. पुढे तो तुरुंगातून सुटून आला. पुस्तक त्यानं पाहिलं. मला भेटायला आला आणि एवढंच विचारलं, तेव्हा तुझ्यासमोर बसून गात होतो तो मी नव्हतो का?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुढच्या आवृत्तीत नाव घातलं. तोवर तो मेला होता." त्यांनी कॅसेट काढून मला दाखवली. "मी पुसत नाही. पण हिच्या शेवटी थोडी जागा आहे. भर घालता येते."

त्यांनी टेप लावली, बटण दाबलं, आणि पाणी उकळायला म्हणून ते शेजारच्या खोलीत गेले. मी त्या खोलीत एकटीच, मशीनसमोर, इंग्रजीत बोलले. गायिकेचं नाव सांगितलं. तिच्या वडिलांचं, मायाप्पांचं नाव सांगितलं. ते काय करायचे, कुठले, आम्ही कोण, ते सांगितलं. मी त्यांची नात आहे आणि वर्गात मी मुद्दाम खोटं भाषांतर केलं, हेही सांगितलं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. इतकं सलग मी त्या देशात तोवर कधी बोलले नव्हते, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

मे महिन्यात मातबर बाबा मुलीकडे गेले. त्यांची दोन पत्रं आली, मग ते वारल्याचं त्यांच्या मुलीचं एक आलं. पुस्तक अर्धंच राहिलं होतं. टेप त्यांनी विद्यापीठाच्या संग्रहात दिल्या होत्या. पुढे पप्पांचा व्हिसा संपला तेव्हा आई आणि ते सांगलीला परतले, मी शिकायला इथंच राहिले. पप्पांनी शेवटपर्यंत ती गोष्ट लोकांना सांगितली. सांगलीत घरी कुणी आलं की म्हणायचे, आमच्या पोरीनं अमेरिकेत भर वर्गात माझ्या सासऱ्याचं नाव घेतलं. मी समोर असले, तर मीच उठून पाणी आणायला जायचे.

पप्पा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आईकडे महिनाभर होते. एका सकाळी ती परातीत पीठ मळत होती आणि मी न ठरवता सगळं सांगून टाकलं. वर्गातलं, दारातलं, टेपवरचं. ती मळत राहिली. मग म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं."

"कसं?"

"बापाला 'फादर' म्हंत्यात, यवढं येत हुतं की मला. त्योच शबुद ऐकायला टपून बसले हुते. तुझ्या बोलन्यात त्यो आलाच न्हाई."

मी विचारलं, "मग पप्पांना तसं का सांगितलंस?"

आईनं पिठाचा गोळा उचलला, दोन्ही तळव्यांत फिरवला.

"कुनीतरी सांगितलंय, असं त्येंला ऐकाया पायजे हुतं," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला घेतली.